मुलांच्या माहितीचा हिशेब मागा

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर आणि पीक विम्यावर बोलणे झाले. आता मला वेगळ्याच विषयावर बोलायचे आहे. कार्यक्रमपत्रिकेवर ‘परीक्षा मंडळ’ हे शब्द पाहून काही मंडळी तंबाखू मळायला बाहेर निघाली आहेत. त्यांना विनंती आहे, थोडा वेळ बसा. विषय शाळेचा दिसतो, पण तो तुमच्या खिशाचा आणि तुमच्या लेकरांचा आहे.

बारावीच्या एका निकालाच्या दिवसाची गोष्ट सांगतो. आपल्याच एका कार्यकर्त्याची मुलगी पास झाली. घरात साखर वाटली गेली. दुपारी त्याला फोन आला. बोलणारा माणूस गोड बोलत होता. त्याला मुलीचे नाव माहीत होते, कॉलेजचे नाव माहीत होते, मिळालेले टक्केही माहीत होते. “नर्सिंगला जागा आहे. शेवटच्या दोन उरल्या. संध्याकाळपर्यंत पाच हजार भरले तर नाव लावून ठेवतो.” घरात पेरणीसाठी बाजूला काढलेले पैसे होते. त्यातले पाच हजार फोनवरूनच गेले. दुसऱ्या दिवसापासून तो फोन लागेना.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. पैशाबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याने एकच विचारले, “भाऊ, माझा नंबर आणि पोरीचे टक्के त्याला कोणी दिले?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. मी शाळेवर आळ घेत नाही, मंडळावरही घेत नाही. कोणी दिले हे सिद्धच करता येत नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

आपण बियाण्याची पिशवी घेतो. पिशवीवर लॉट नंबर असतो, उगवणशक्तीचे प्रमाण असते, तपासणीची तारीख असते. बी उगवले नाही तर तक्रारीला जागा राहावी म्हणून मी वीस वर्षे गावोगाव सांगत आलो आहे की पिशवी फेकू नका, टॅग फाडू नका, पावती जपून ठेवा. जिनिंगमधून निघालेल्या गाठीवरसुद्धा प्रेसची खूण आणि नंबर असतो. गाठ कुठेही गेली तरी ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे सांगता येते. कापसाच्या गाठीचा माग लागतो. आपल्या लेकराची माहिती शाळेतून निघून कोणकोणत्या हातात गेली, त्याचा माग लागत नाही. तिला लॉट नंबर नाही आणि तिची पावती नाही.

आता ही माहिती किती आहे ते पाहू. आपल्या वेळी शाळेत एक जनरल रजिस्टर असायचे. नाव, जन्मतारीख, जात, बापाचा धंदा. ते कपाटात कुलूपबंद असायचे आणि दाखला हवा असेल तर हेडमास्तरांसमोर उभे राहावे लागायचे. २०१५ पासून महाराष्ट्रात ‘सरल’ आले आणि प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर गेली. २०२२-२३ पासून केंद्राच्या ‘यूडायस प्लस’वर एकेका विद्यार्थ्याची वेगळी नोंद होऊ लागली. २०२३ पासून ‘अपार’ नावाचा बारा आकडी क्रमांक सुरू झाला, तो आधारशी जोडलेला. आणि दहावी-बारावीला आले की या सगळ्या नोंदींच्या आधारे परीक्षा मंडळाचा अर्ज ऑनलाइन भरला जातो. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, अपंगत्व असेल तर तेही, फोटो, सही, फोन नंबर आणि शेवटी गुण.

हे भरतो कोण? गुरुजी. मी पाहिलेल्या एका शाळेत नेट चालत नव्हते, म्हणून गुरुजी रात्री तालुक्याच्या दुकानात बसून नोंदी करत होते. दुकानदाराचा पोरगा त्यांना मदत करत होता. शाळेचा पासवर्ड कपाटाच्या दारावर कागदाने चिकटवलेला होता. यात गुरुजींचा दोष नाही. वरून हुकूम आला की उद्यापर्यंत शंभर टक्के नोंदी झाल्या पाहिजेत, मग तो माणूस काय करणार? पण आपल्या मुलांची सगळी कुंडली त्या दुकानातल्या संगणकावर राहिली की पुसली गेली, हे कोणी विचारले नाही.

या सगळ्यात मी परीक्षा मंडळावरच का बोलतो? महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हे १९६५ च्या कायद्याने झाले आणि १ जानेवारी १९६६ पासून उभे आहे. मुख्य कचेरी पुण्याला, विभागीय मंडळे नऊ. आपल्या कोरडवाहू पट्ट्याला अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि लातूर ही चार लागतात. दरवर्षी एकट्या दहावीलाच पंधरा लाखांच्या आसपास मुले बसतात. राज्यात इतकी माणसे एकाच दारातून जातात असे दुसरे दार फारसे नाही.

आणि त्या दारात आपल्याला निवड नाही. बाजार समितीत भाव पटला नाही तर गाडी वळवून घरी आणता येते. मंडळाच्या दारातून पोर वळवून आणता येत नाही. दहावीची सनद नाही तर पुढे काहीच नाही. म्हणून मंडळाने जे विचारले ते बाप मुकाट्याने लिहून देतो. आता साधा न्याय आहे. समोरच्याला नाही म्हणण्याची सोय जिथे नाही, तिथे घेणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. ज्वारीला दाणा भरला की आपण माळ्यावर गोफण घेऊन बसतो, कारण पीक स्वतःची राखण करू शकत नाही. सोळा वर्षांचे पोरही स्वतःच्या माहितीची राखण करू शकत नाही. ती राखण मंडळाची आहे.

मंडळ ही राखण कशी करते, याची दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण जानेवारी २०२५ चे. बारावीची प्रवेशपत्रे निघाली आणि त्यांवर मुलाचा जातीचा प्रवर्ग छापलेला होता. मंडळाचे म्हणणे असे होते की शाळेतल्या नोंदीत प्रवर्ग बरोबर आहे की नाही हे मुलाला पाहता यावे, कारण शाळा सोडल्यावर दुरुस्ती अवघड जाते. हेतू वाईट नसेल. शिष्यवृत्तीसाठी ही नोंद बरोबर लागते हेही खरे. पण प्रवेशपत्र ही परीक्षेच्या खोलीत बाकावर ठेवायची वस्तू आहे. पर्यवेक्षक ती पाहतो, शेजारचा पाहतो, दारावरचा शिपाई पाहतो. प्रश्नपत्रिका सोडवायला आलेल्या मुलाचा प्रवर्ग त्यांना कशाला हवा? राज्यभर ओरड झाली. मंडळाने ती प्रवेशपत्रे मागे घेतली आणि प्रवर्गाचा रकाना काढून नवी दिली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या ठिकाणी गेली की नुकसान होते, मग नेणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. आणि दुसरी गोष्ट, लोक बोलले तर मंडळ ऐकते. आठवड्या-दोन आठवड्यात ऐकले. म्हणून तर मी आज इथे बोलतो आहे.

दुसरे उदाहरण निकालाचे. निकाल पाहायला दोन गोष्टी लागतात, परीक्षा क्रमांक आणि आईचे नाव. गुणपत्रिकेवर आईचे नाव आले ही फार मोलाची गोष्ट झाली. पण तेच नाव कुलपाची किल्ली म्हणून वापरले तर काय होते? शहरात कदाचित शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या आईचे नाव ठाऊक नसेल. आपल्या गावात कोणाच्या आईचे नाव कोणाला माहीत नाही? परीक्षा क्रमांक तर वर्गात ओळीने असतात. आपला माहीत असला की पुढच्या बाकावरच्याचा कळतोच. म्हणजे घराला कुलूप लावले आणि किल्ली वेशीवर टांगली. नापास झालेल्या पोराचा निकाल त्याच्या बापाला कळण्याआधी पारावर कळतो. शिवाय हा निकाल मंडळाच्या संकेतस्थळाबरोबर काही खाजगी संकेतस्थळांवरही लागतो. निकाल लवकर कळवतो, फोन नंबर टाका, असे म्हणणारेही त्या दिवसांत पुष्कळ उगवतात. तुमचा नंबर कुठे जातो, याचे एक उत्तर तिथेही असू शकेल.

इथे कोणी म्हणेल, “भाऊ, आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय? चार एकर कोरडवाहू आणि सोसायटीचे कर्ज, ते तर सगळ्या गावाला माहीत.”

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर तुम्हाला बाजारानेच शिकवले आहे. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही कापसाची गाडी घेऊन जाता. घरात पैसा नाही, पोरीचे लग्न आहे, हे व्यापाऱ्याला कळले तर भाव काय निघतो? तोच कापूस, तीच गाडी, पण क्विंटलमागे भाव पडतो. का पडतो? त्याला तुमची नड कळली म्हणून. नड लपवण्यात लाज नाही, नड झाकणे हा व्यवहार आहे. आपली नड समोरच्याला किती कळू द्यायची हे आपल्या हातात असले पाहिजे, एवढाच खाजगीपणाचा अर्थ आहे. ज्याच्याजवळ तुमच्या मुलीचे टक्के आहेत, तुमचा फोन आहे, गाव आहे, प्रवर्ग आहे, त्याच्याजवळ तुमच्या नडेची यादी आहे. तो क्लास विकेल, प्रवेश विकेल, कर्ज विकेल, नाहीतर नुसताच गंडा घालील. शेतमालाच्या बाजारात आपण लुटले जातो ते पुरेसे नाही काय, की आता लेकरांच्या भविष्याच्या बाजारातही लुटून घ्यायचे?

सरकारी कोठारात माहिती सुरक्षित असते या भ्रमातही राहू नका. ‘दीक्षा’ नावाची केंद्राची शिक्षणाची प्रणाली २०१७ साली सुरू झाली आणि करोनाच्या काळात लाखो मुलांनी ती वापरली. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की तिची माहिती ठेवलेला एक संगणकी साठा वर्षभराहून अधिक काळ उघडा पडलेला होता. त्यात सुमारे दहा लाख शिक्षकांची आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती होती. कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेच नव्हते.

मग कायदा काय म्हणतो? कायदा आपल्या बाजूला आहे, पण अर्धाच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारवरील निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येत नाही आणि मुलाचे आधार काढायला आईबापाची संमती लागते. ‘अपार’ही ऐच्छिक आहे. त्यासाठी पालकाचे संमतीपत्र लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. तुमच्यापैकी किती जणांना शाळेने हे समजावून सांगितले आणि किती जणांच्या सह्या ‘इथे करा’ म्हणून घेतल्या, ते तुम्हीच आठवा.

२०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला आईबापाची पडताळलेली संमती लागते, मुलांवर पाळत ठेवता येत नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवता येत नाहीत. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. नियम मात्र यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्या नियमांनीच अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७. त्यातही पळवाटा आहेत. शिक्षणसंस्थांना त्यांच्या कामापुरती सूट आहे. सरकारी यंत्रणेला दाखले, प्रमाणपत्रे आणि सवलती देण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरता येते. पण त्याच नियमांत सरकारी यंत्रणेला मापही घालून दिले आहे. लागेल तेवढीच माहिती घ्यावी, लागेल तोवरच ठेवावी आणि नीट राखावी. आपल्याला पकडायचा धागा हाच आहे. मंडळाला सूट असेल, पण सुटका नाही.

परीक्षा मंडळाने किंवा राज्याच्या शिक्षण मंडळाने अशी राखण करावी, ही मागणी आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचे राज्य आहे. आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख. १९३० च्या दशकात तिथे धुळीच्या वादळांनी शेते उडून गेली आणि हजारो शेतकरी देशोधडीला लागले. आजही तिथे गव्हाबरोबर कापूस होतो, ज्वारी होते. त्या राज्याने २०१३ साली एक कायदा केला आणि काम थेट राज्याच्या शिक्षण मंडळावर टाकले. विद्यार्थ्यांची कोणकोणती माहिती आपण घेतो आणि ती कशासाठी घेतो, याची यादी मंडळाने तयार करून सगळ्यांसाठी प्रसिद्ध करायची. नवा रकाना वाढवायचा तर तो मंजुरीसाठी राज्यपाल आणि विधिमंडळापुढे न्यायचा. एका मुलाची ओळख पटेल अशी माहिती ठराविक अपवाद सोडून राज्याबाहेर द्यायची नाही. म्हणजे एक रकाना वाढवायलासुद्धा लोकप्रतिनिधींसमोर कारण सांगायचे. आपल्याकडे रकाने रातोरात वाढतात आणि गुरुजींना व्हॉट्सॲपवर कळतात.

त्याच देशात ‘इनब्लूम’ नावाचा एक उद्योग २०१३ साली निघाला. गेट्स फाउंडेशनचा पैसा त्यामागे होता. अनेक राज्यांतल्या मुलांची माहिती एका ठिकाणी साठवायची अशी योजना होती. आईबापांनी सभा घेतल्या, प्रश्न विचारले, राज्ये एकेक करून बाहेर पडली. न्यूयॉर्क राज्याने कायद्याने मनाई केली आणि एप्रिल २०१४ मध्ये तो गाशा गुंडाळण्याची वेळ आली. एवढा पैसा असूनही साध्या आईबापांपुढे तो टिकला नाही, कारण त्यांनी हिशेब मागितला.

मी माहिती घेऊच नका असे म्हणत नाही. नोंद नसेल तर शिष्यवृत्ती बुडते, अपंग मुलाला जादा वेळ मिळत नाही, नावातली एक चूक पुढे जन्मभर छळते. घ्या, पण कशासाठी ते सांगा. ठेवा, पण किती दिवस ते सांगा. कोणाला दिली तर पावती द्या.

म्हणून या बैठकीपुढे मी ठराव मांडतो. मंडळाकडे आपल्या पाच मागण्या आहेत.

एक. परीक्षेच्या अर्जातला प्रत्येक रकाना कशासाठी आहे, तो सक्तीचा की ऐच्छिक, आणि ती माहिती किती वर्षे ठेवणार, याची यादी मंडळाने मराठीत छापावी आणि प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावी.

दोन. ही माहिती कोणत्या खात्याला, कोणत्या ठेकेदाराला, कोणत्या संकेतस्थळाला आणि कोणत्या अटीवर दिली, याची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि दरवर्षी प्रसिद्ध करावी. जाहिरातीसाठी किंवा क्लासवाल्यांसाठी एक ओळही बाहेर जाऊ नये.

तीन. पूर्ण गुणपत्रिका आईच्या नावाने उघडू नये. अर्ज भरताना विद्यार्थ्याला गुप्त क्रमांक द्यावा, तो मुलाच्या हातात बंद पाकिटात मिळावा.

चार. आधार किंवा अपार नाही म्हणून कोणाचाही अर्ज अडवू नये, हे मंडळाने प्रत्येक शाळेला लेखी कळवावे.

पाच. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्या आईबापांना मंडळाने स्वतः कळवावे. प्रत्येक विभागीय मंडळात यासाठी एक जबाबदार अधिकारी असावा आणि त्याचे नाव सर्वांना माहीत असावे.

ठराव अमरावतीला, नागपूरला, संभाजीनगरला, लातूरला आणि पुण्याला जाईल. पण नुसत्या ठरावाने काही होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याही वाट्याला चार कामे येतात. शाळेत सही करण्याआधी कागद वाचा. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. तिला वाचता येते, तिची माहिती तिलाच आधी कळू द्या. संमतीपत्राची एक प्रत मागून घरी ठेवा, जशी बियाण्याची पावती ठेवता तशीच. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यातले आईबाप आहेत. पुढच्या सभेत पासवर्ड कोणाकडे आहे आणि नोंदी कुठे बसून होतात, एवढे दोनच प्रश्न विचारा. ते गुरुजींवर चिडून विचारू नका, त्यांच्या बाजूने उभे राहून विचारा, कारण रात्री दुकानात बसायची हौस त्यांनाही नाही. आणि माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज प्रत्येक तालुक्यातून विभागीय मंडळाकडे जाऊ द्या. निकालाची माहिती कोणाकोणाला आणि कोणत्या करारावर दिली, एवढेच त्यात विचारायचे. अर्जाचा नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे. जाताना घेऊन जा.

निकालाच्या दिवशी अनोळखी फोन आला आणि त्याला तुमच्या मुलीचे टक्के माहीत असतील, तर पैसे पाठवू नका. “हे तुला कोणी सांगितले?” असे विचारा, नंबर लिहून ठेवा आणि आपल्या तालुका कार्यकर्त्याला कळवा. असे शंभर नंबर जमले तर माग लावायला सुरुवात तरी होईल.

ज्या कार्यकर्त्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तो आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. त्याची मुलगी आता दुसऱ्या ठिकाणी शिकते आहे, रीतसर यादीत नाव लागून. त्याचे पाच हजार परत मिळणार नाहीत. पण त्याने जो प्रश्न विचारला त्याला उत्तर मिळाले पाहिजे. ते मंडळाने द्यायचे आहे आणि मागायचे आपण आहे.

ज्यांना हा ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.